हायब्रीडची गावठी

जगात जन्माला आलेल्या प्रत्येक वस्तूला वाण असतं, आणि ते वाण नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून एकच आहे, याबद्दल आमच्या व्याह्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. त्या एका माणसाचं नाव ते आपणहून सांगत नाहीत. विनय आडवा येतो. पण कोणी विचारलंच तर हळूच छातीवर हात ठेवतात. भाताची वाणं काय, कोणताही शेतकरी ओळखतो. हळवं भात लवकर पिकतं, गरवं उशिरा, आणि निमगरवं या दोघांच्या मध्ये कुठेतरी. आमचे व्याही मात्र याच तीन खणांत सगळी सृष्टी बसवतात. किन्हवलीच्या पुढच्या त्यांच्या गावी थांब्यावर बसलेले असताना एसटी वळणावर दिसायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून ते सांगतात, "ही हळवी. चढाला दम टाकणार." आणि ती टाकते. पाऊस, पाहुणे, पुढारी, गुडघेदुखी, सगळ्यांना त्यांनी असंच वाण लावून दिलेलं आहे. त्यांचे एक मेहुणे हळवे आहेत, म्हणजे जेवायला लवकर येतात. त्यांची गुडघेदुखी गरवी आहे, म्हणजे आली की जात नाही.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्या लेकीच्या लग्नाच्या बोलणीची. आमच्या शहापूरच्या घरी ते आले, पाय धुतले, चहा बशीत ओतला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमचं वाण कुठलं?" मला घाम फुटला. मी कचेरीत टेबलामागे उभं आयुष्य काढलेला माणूस. बोलणं कमी, आणि जे बोलायचं राहून गेलं त्याची टोचणी मात्र मुबलक. गर्दीत कोणी माझ्या पायावर पाय दिला तर 'माफ करा' मीच म्हणतो. हा प्रश्न कुळाचा की आणखी कशाचा, याचा अंदाज बांधत मी गप्प बसलो. शेवटी बायकोनं विचारलं, "वाण म्हणजे कसलं हो?"

"भाताचं हो! घरात शिजतो तो कुठला?"

"दुकानातला," मी म्हणालो.

बशी तोंडापाशी नेलेली तशीच खाली आली. "दुकानातला म्हणजे वाण नाय, व्याही. ती पिशवी झाली." लग्न मोडलं असं मी धरूनच चाललो होतो. पण तेवढ्यात लेक पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि निकाल दिला, "पिशवीत वाढली, पण दाणा चांगला हाय." मला मात्र त्यांनी त्याच बैठकीत 'गरवे' ठरवलं. "तुमी उशिरा पिकता. बोलाल, पण टायमावर नाय बोलणार." एका चहात त्यांनी मला जेवढं ओळखलं तेवढं आमच्या साहेबांनी एवढ्या नोकरीत ओळखलं नाही.

त्यांचा राग एकाच शब्दावर आहे. हायब्रीड. आईनं जपलेलं लाल भाताचं बी ते दरसाल राखतात, कणगीत निराळं ठेवतात, पेरणीआधी त्याच्याशी दोन शब्द बोलतातही, असं त्यांची सून म्हणजे माझी लेक सांगते. हायब्रीडचं बी दरसाल नवं आणावं लागतं, हा त्यांना सगळ्या मानवजातीचा अपमान वाटतो. "ठेवलं आणि पुढल्या साली पेरलं, तर पोर बापाला ओळखत नाय," असं ते म्हणतात, आणि म्हणताना आपल्या मुलाकडे, म्हणजे आमच्या जावयाकडे, जरा संशयानं बघतात. मुलानं डोळ्याला दोन नमुन्यांची काच असलेला चष्मा केला, खालून वाचायचं, वरून लांबचं बघायचं, तर आठवडाभर ते त्याच्याशी तुटक वागत होते. "एक काय ते ठरव ना रे. जवळचा माणूस का लांबचा?"

या माणसाकडे एक काळी सायकल होती. तिच्यावरून त्यांनी बियाणं नेलं, खत नेलं, एकदा पाय मोडलेलं वासरू नेलं, आणि दर रविवारी त्या सायकलीवरून ते मुरबाडच्या हद्दीत, सरळगावच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे, पिशवीभर लाल तांदूळ नेत. आक्का आता घराबाहेर पडत नाहीत आणि आईच्या वाणाखेरीज दुसरा भात त्यांच्या घशाखाली उतरत नाही. जावई कितीदा म्हणाले, "आप्पा, मी मोटारसायकलवर सोडतो." त्यावर उत्तर ठरलेलं, "मी जातो. मला पोचवायला मी पार्सल नाय." मग एक दिवस काळ्या सायकलीचा दांडा जोडापाशी चिरला, आप्पा शेताच्या बांधावर आडवे झाले, आणि त्यांच्या कंबरेनंही सायकलीच्या बाजूनं साक्ष दिली. जावयांनी साफ सांगितलं, सायकल बंद. त्या दिवसापासून आप्पा बोलायचे थांबले. गुरांना हाक मारायलाही ते सुनेला पुढे करू लागले. हा मौनाचा प्रकार माझ्या ओळखीचा आहे. तो माणसाला आतून पोखरतो.

त्या साली अधिक महिना पेरणीच्या तोंडावर आला होता. धोंड्याला जावयाला बोलवायचं, अनारशांचा डबा द्यायचा, वर काहीतरी वाण द्यायचं. मी जावयांना विचारलं, काय हवं? ते खाली बघत म्हणाले, "बाबा, मला काय नको. आप्पांना एक चांगली सायकल द्या. त्यांचं असं गप्प बसणं मला बघवत नाय. पण दोन गोष्टी. एकदा जरी पडले तर सायकल कायमची बंद, ते स्वतः माज्यासमोर मान हलवून कबूल झालेत. आणि पहिल्या खेपेला सोबत कोणतरी पायजे." म्हणजे सायकल चुकीची निघाली की आक्कांकडची वाट संपली. एवढं सगळं त्या एका वस्तूवर येऊन ठेपलं होतं, आणि ती वस्तू निवडण्याचं काम, मला इंग्रजी वाचता येतं या एकाच कारणावरून, माझ्यावर आलं.

मी रात्रंदिवस मोबाइलवर सायकली वाचू लागलो. कचेरीतली फाइल मी कधी एवढ्या श्रद्धेनं वाचली नव्हती. माउंटन म्हणजे जाड, दातेरी टायरांची, पुढे शॉकअप, दगडधोंड्यातून जाणारी, पण डांबरी रस्त्यावर जड चालणारी. कम्फर्ट म्हणजे रुंद, गुबगुबीत सीट, उंच आणि आपल्याकडे वळलेलं हँडल, पाठ ताठ. जवळच्या जवळ जायला उत्तम, लांबच्या वाटेला आणि वाऱ्यासमोर आळशी. आणि या सगळ्यांच्या मध्ये ती, जिचं नाव घ्यायची सोय नव्हती. चाकं रस्त्याच्या सायकलीसारखी मोठी, हँडल माउंटनसारखं सरळ, टायर ना जाड ना बारीक, माणूस किंचित पुढे झुकलेला पण दुमडलेला नाही. किन्हवली-सरळगाव रस्ता डांबरी, त्यात खड्डे, आणि आक्कांच्या घराचा शेवटचा तुकडा लाल मातीचा. त्या रस्त्याला ती नेमकी लागू होती. नवी सायकल येणार म्हटल्यावर आप्पांचं तोंड उघडलं होतं. मी हे सगळं त्यांना फोनवर सांगितलं, फक्त तिचं नाव सोडून.  पलीकडून आदरानं प्रश्न आला, "व्याही, तुमी स्वतः कुठली चालवता?"

"आता सोडली," मी म्हणालो.

दोनच शब्द. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्यानं ते दोनही टाळले असते तर बरं झालं असतं. कारण मी तोवर आयुष्यात सायकलीवर बसलेलोच नव्हतो. माझं लहानपण गेलं त्या सापगावात माझ्या वयाची पोरं दांड्याखालून पाय घालून, ढोपरं फोडून घेत सायकल शिकत होती तेव्हा मी त्यांच्या चपला सांभाळत काठावर उभा होतो. पडण्याची भीती नव्हती. पडताना लोक बघतील याची होती. पुढे वय वाढलं, लोक तेवढेच राहिले, आणि सायकल राहूनच गेली. हे मी कोणालाही, घरच्यांनासुद्धा, सांगितलेलं नव्हतं. "व्याह्यांनी सोडली हाय, पण जाण हाय," हे वाक्य आप्पांनी पुढच्या आठ दिवसांत साऱ्या गावात फिरवलं.

मग आम्ही दोघं कल्याणला दुकानात गेलो. आप्पांनी त्यासाठी लग्नातली टोपी घातली होती. दुकानदारानं आधी माउंटन पुढे केली. आप्पांनी टायरवरून बोट फिरवलं. "हिला दात हायत."

"काका, डोंगरात ग्रिप लागते."

"डोंगर माज्या घराच्या मागं हाय. तिथं मी बैल घेऊन जातो, सायकल नाय. गरवी हाय ही. पुढं."

मग कम्फर्ट आली. आप्पा बसले, स्प्रिंगा कुरकुरल्या, पाठ ताठ झाली, चेहऱ्यावर क्षणभर सुख पसरलं, आणि त्या सुखाचाच त्यांना संशय आला. "ही चालवायची हाय का हिच्यावर निजायचं हाय? हळवी हाय. नाक्यापर्यंत जाईल, तिथंच पिकेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "व्याही, तुमी सांगितलेली ती कुठाय? निमगरवी?"

मी भिंतीलगतच्या एका करड्या सायकलीकडे बोट दाखवलं. आप्पांनी ती उचलून पाहिली, हलकी होती. हँडल धरलं, ब्रेक दाबले, चाक फिरवून कान लावला. चेहरा उजळला. "हां! ही आपली. हिचं वाण काय?" मी घसा खाकरला. तेवढ्यात दुकानदार उत्साहानं म्हणाला, "काका, ही हायब्रीड!"

आप्पांनी हँडलवरचा हात असा काढला की जणू तिथं इंगळी बसली होती.

"क्रॉस आहे काका," दुकानदाराला वाटलं, समजलं नसेल. "रोडवाली आणि माउंटनवाली, दोघींची."

"आणि पुढल्या साली?"

"काय पुढल्या साली?"

"पुढल्या साली हिचं काय उरतं?"

"फ्रेमला लाइफटाइम वॉरंटी आहे ना!"

"लाइफ कोणाचं? माजं का तिचं?"

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे. आप्पा सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. "हिला मडगार्ड नाय. कॅरिअर नाय. स्टँड नाय. घंटी नाय. आईबापांनी दोघांनी मिळून हिला कायच दिलं नाय काय रे? एवढं मोठं लग्न लावलं आन् पोरीला रिकाम्या हातानं धाडली?" त्या वाक्यात राग संपून दया सुरू झाली होती, ते मला कळलं. दुकानदारालाही कळलं, कारण धंदा त्याला कळत होता. तो म्हणाला, "काका, सगळं लावून देतो." मग दुपारभर आप्पा एका स्टुलावर बसून एकेक वस्तू मागवत राहिले. मडगार्ड. पोतं पेलेल असं लोखंडी कॅरिअर. दुपायी स्टँड. पितळी घंटी. धोतर अडकू नये म्हणून चेनकव्हर. शेवटी, कंबरेखातर, त्या कम्फर्ट सायकलीची रुंद सीटही काढून हिच्यावर आली, आणि हँडल बोटभर वर. पैसे घेताना दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, आता ही ना हायब्रीड राहिली, ना माउंटन, ना कम्फर्ट. मला पण सांगता नाय येणार काय आहे ही."

आप्पांनी घंटी एकदा वाजवून बघितली. "गावठी झाली," ते म्हणाले. धोंड्याचं वाण त्यांनी पसंत केलं होतं.

पहिली खेप रविवारी सकाळची ठरली. मी त्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा करड्या सायकलीला हळदकुंकू लागलं होतं, कॅरिअरवर आक्कांची तांदळाची पिशवी बांधलेली होती, आणि तिच्या शेजारी आणखी एक सायकल उभी होती. निळी, पुढे टोपली असलेली. शेजारच्या शाळकरी पोरीची. "ही तुमाला," आप्पा म्हणाले. "कम्फर्टसारखीच हाय. सोडून लय वर्सं झाली असतील, म्हटलं आरामाची बघू." जावई म्हणाले, "बाबा, तुमी बरोबर आहात म्हणून मला काय काळजी नाय." विहीणबाई ओट्यावर, लेक दारात, शेजारचे कुंपणाशी. बघायला सगळे होते.

मी निळ्या सायकलीची हवा तपासली. मग ब्रेक तपासले. मग पुन्हा हवा. घंटी वाजवली. टोपलीत काही राहिलंय का ते पाहिलं. चेनला हात लावून हात काळा करून घेतला आणि धुवायला पाणी मागितलं. पाणी आलं, हात धुऊन झाले, आणि आता करण्यासारखं जगात काहीच उरलं नाही. आप्पा टांग मारून तयार होते. माझ्या मनात आलं, बसावं, पडावं, आणि पायाला लागलं म्हणून सुटावं. पण हा माणूस माझ्या शब्दावर रस्त्याला निघाला होता. त्याच्या जिवापेक्षा माझी अब्रू मोठी धरणं कुठेतरी थांबायला हवं होतं.

"मला सायकल येत नाही," मी म्हणालो.

"ही येत नाय?"

"कुठलीच येत नाही."

"पण सोडली म्हणालात ना!"

"धरलीच नव्हती."

 लेक आधी बोलली, "बाबा! मला शिकवायला मामाला शहापूरला का बोलावून घेतलंत ते आत्ता कळलं." जावयांचा चेहरा मात्र उतरला. "मग ही सायकल कोणाच्या भरवशावर घेतली आपण? आप्पा, उतरा. काय जायचं नाय."

 मी खरं बोललो होतो, आणि खरं बोलून त्यांची वाट बंद केली होती. आप्पा मात्र उतरले नाहीत. मला वरपासून खालपर्यंत बघत राहिले. "गरवे," ते सावकाश म्हणाले. "बोलले, पण काय टायम काढला!" मग मुलाकडे वळले. "तू जल्मलास तेव्हा दवाखान्यात डॉक्टर होता ना रे? तो काय आधी दोनदा बाळंत होऊन आला होता? वाचूनच आला होता. आलास ना तू नीट?" ओट्यावर विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. "आन् सोबत पायजे म्हणालास, तर सोबत हाय. व्याही, पिशवी मांडीवर घ्या. बसा मागं."

अशा रीतीनं मी आयुष्यात पहिल्यांदा सायकलीवर बसलो. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर तांदूळ, एक हात आप्पांच्या कंबरेला. गावातून जाताना एकानं ओरडून विचारलं, "आप्पा, कोणाला पळवून चाललात?" आप्पा घंटी वाजवून म्हणाले, "व्याही हायत! आधी लेक दिली, आता स्वतः निघाले!" मी लाजेनं मान खाली घातली, आणि मग जाणवलं की लोक बघताहेत, हसताहेत, आणि मला काहीही होत नाहीये. डांबरावर सायकल सरसर गेली. खड्ड्यात कॅरिअरनं माझ्याशी थोडं बोलून घेतलं. लाल मातीवर टायरांनी नीट धरलं. दर वेळी आप्पा मान न वळवता म्हणत, "बघा, तुमी वाचलंत तसंच करते."

मधल्या चढावर मात्र त्यांचं बोलणं थांबलं. शर्ट पाठीला चिकटला होता आणि माझ्या हाताखाली श्वास भात्यासारखा वरखाली होत होता. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "व्याही, उतरा जरा. तुमाला अवघडलं असंल." मी म्हणालो, "हो, पायाला मुंग्या आल्या." मग आम्ही दोघांनी दोन बाजूंनी हँडल धरून सायकल वर नेली. आक्का दारातच बसल्या होत्या. त्यांनी पिशवीत हात घातला, दाणे बोटांनी चोळले आणि विचारलं, "कोणी पोचवला रे तुला?" आप्पा म्हणाले, "मीच एकाला पोचवला," आणि माझ्याकडे बोट केलं.

संध्याकाळी जावयांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आप्पा दमले काय? कुठं उतरायला लागलं?" मी म्हणालो, "मी उतरलो. मला बसवत नव्हतं." आता हे छापून येईल आणि जावयांना कळेल. कळू दे. तेव्हापासून दर रविवारी मी शहापूरहून जातो आणि मागे बसतो. पडलो आम्ही अजून एकदाही नाही. लेक म्हणते, आता तरी शिका. पण शिकलो तर आप्पांना उतरायला कारण कोण देणार?

पहिल्यांदा आम्ही चढाच्या मध्यावर, आंब्यापाशी उतरलो होतो. दिवाळीच्या सुमाराला चढाच्या पायथ्याच्या मोरीपाशी उतरू लागलो. गेल्या रविवारी चढ लागायच्या बऱ्याच आधी ते म्हणाले, "व्याही, उतरा. पाय मोकळे करा जरा." मी उतरलो. रस्ता तिथं अगदी सपाट होता. दोन बाजूंनी हँडल धरून आम्ही चालू लागलो.